घरात वारंवार मेलेला उंदीर किंवा चिचुंद्री सापडते : कारण कसं शोधायचं

गेल्या वर्षी गणपतीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्या घरात अकरा मेलेले प्राणी सापडले. घर संगमेश्वर तालुक्यातलं, जुनं, कौलारू. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि मोरी, वर माळा. अशा घरात उंदीर असतातच, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण आम्ही विष घातलं नव्हतं, पिंजरा लावला नव्हता, तरी आठवडा गेला की कुठेतरी एक मेलेला मिळायचाच. नवरात्रात एक उंदीर भर दुपारी देवघरासमोर पडलेला दिसला. अंगावर जखम नाही, रक्त नाही. त्या दिवसापासून घरातलं बोलणं बदललं.

बोलणं कुठे जातं हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मुंबईहून आलेल्या एका नातेवाइकांनी रात्री जेवताना विषय काढला, "कोणीतरी काहीतरी केलंय. भगताला विचारून बघा." मग आवाज खाली आला आणि शेजारच्या काकूंचं नाव निघालं. काकू विधवा, एकट्या राहतात. रोज तिन्हीसांजेला भाकरीचा कुटका घेऊन आमच्या परसात येतात, आमच्या मांजरीला घालायला. संशय घ्यायला तेवढं येणं-जाणं पुरलं. आई गप्प बसली, आणि मला त्या गप्प बसण्याचीच भीती वाटली. मेलेल्या उंदराचा वास आठ-पंधरा दिवसांत जातो. पण एका बाईवर एकदा असं नाव पडलं की गावात ते जन्मभर पुसलं जात नाही.

म्हणून मी कारण शोधायला बसले. आम्हाला जे सापडलं ते सविस्तर लिहिते, कारण हा त्रास पावसाळ्यात आणि भातकापणीनंतर खूप घरांना होतो.

आधी नोंद ठेवा

आमची मोठी चूक ही की आम्ही प्रत्येक वेळी प्राणी उचलून टाकत होतो आणि विसरत होतो. लक्षात राहायचं ते एवढंच, की "परत मेलेला सापडला". मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहायला सुरुवात केली : तारीख, वेळ, कुठे सापडला, उंदीर की चिचुंद्री, अंगावर काही खूण आहे का, ताठ आहे की मऊ. आधीचे चार-पाच आईला आणि वहिनीला विचारून आठवतील तसे भरले.

अकरा नोंदी एकाखाली एक आल्यावर दिसलं की आमचा प्रश्न एक नव्हताच, दोन होते. सहा चिचुंद्र्या होत्या. सहाही मागच्या पायरीवर किंवा मोरीच्या दाराशी, पहाटे सापडलेल्या, मानेशी किंवा पाठीवर दाताच्या बारीक खुणा, आणि एकही खाल्लेली नाही. उरलेले पाच उंदीर होते. पाचही घराच्या आत, बहुतेक उघड्या जमिनीवर, दिवसाउजेडी, आणि कोणाच्याही अंगावर खूण नाही. दोन वेगळी कारणं एकत्र मोजल्यामुळे सगळं गूढ वाटत होतं. वेगळी केल्यावर पहिलं तर पाच मिनिटांत सुटलं.

चिचुंद्री मेली आहे, पण खाल्लेली नाही

हे उत्तर मला काकूंनीच दिलं. मी सहज म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "अगो, मनीच आणून ठेवते ती. मांजर चिचुंद्री मारते, पण खात नाही. वास मारतो ना तिला." त्यांनी पहाटे दोनदा मनीला तोंडात चिचुंद्री धरून कुंपणावरून येताना पाहिलं होतं. ज्यांच्यावर संशय घेतला जात होता त्यांना निम्मं उत्तर आधीपासून माहीत होतं, आणि अडीच महिन्यांत आमच्यापैकी कोणी त्यांना एक शब्द विचारला नव्हता.

चिचुंद्री उंदरासारखी दिसते, पण ती उंदीर नाही. लांब टोकदार नाक, बारीक डोळे, भिंतीच्या कडेकडेने धावायची सवय आणि चिकचिक आवाज यांवरून ओळखू येते. तिच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना गंधग्रंथी असतात. त्या उग्र वासामुळे मांजर तिला मारून सोडून देते. शिवाय चिचुंद्रीला सारखं खावं लागतं. कुठे अडकली, कणगीच्या मागे किंवा रिकाम्या पिंपात पडली, तर उपाशी राहून लवकर मरते. पिंपात किंवा बादलीत खूण नसलेली चिचुंद्री मिळाली तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

ती झुरळं आणि किडे खाते, धान्याच्या मागे फारशी नसते, म्हणून तिला मारायची गरज नाही. आम्ही मनीला रात्रीचं पोटभर खायला घालून घरात ठेवायला लागलो आणि मोरीच्या भोकाला लोखंडी जाळी बसवली. पायरीवरच्या चिचुंद्र्या जवळजवळ थांबल्या.

उंदीर मेला आहे आणि अंगावर खूण नाही

इथे मला वेळ लागला. वाट दाखवली ती मनीनेच, आणि ती जवळजवळ जिवावर बेतून. कोजागिरीच्या सुमारास ती खाईना, हलेना. हिरड्या पांढऱ्याफटक आणि नाकाशी रक्ताचा थेंब. पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांनी हिरडी दाबून पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आजूबाजूला उंदराचं औषध कोणी घातलंय का?"

बाजारात मिळणाऱ्या उंदराच्या वड्यांमध्ये बहुतेक वेळा ब्रोमाडिओलोन असतं, ०.००५ टक्के. रक्त गोठण्यासाठी शरीराला 'के' जीवनसत्त्व पुन्हापुन्हा वापरावं लागतं. हे विष नेमकं ते अडवतं. उंदीर खाल्ल्याबरोबर मरत नाही, हळूहळू आतल्या आत रक्तस्राव होऊन तीन ते सात दिवसांनी, कधी त्याहून उशिरा मरतो. म्हणून तो विषाजवळ सापडत नाही. मधल्या दिवसांत तो सुस्त होतो, त्याची माणसाची भीती कमी होते आणि एरवी कधी दिसला नसता असा दिवसा उघड्यावर येतो. देवघरासमोर उंदीर का पडला याचं उत्तर हे आहे. तो तिथे कोणी आणून ठेवला नव्हता. चालता चालता त्याची शक्ती तिथे संपली.

विष खाल्लेला उंदीर पाणी शोधत घराबाहेर जाऊन मरतो असं दुकानदारही सांगतात. यावर विसंबू नका. तो बहुतेक वेळा आपल्या बिळात किंवा घरट्यात मरतो, आणि घरटं माळ्यावर असेल तर मरतोही माळ्यावरच.

पण विष आम्ही घातलं नव्हतं. मग कोणी? मी माळ्यावर चढले, बॅटरीच्या उजेडात लेंड्या पाहिल्या. काही लेंड्यांना निळसर-हिरवा रंग होता. वड्यांमध्ये रंग घातलेला असतो, तो लेंड्यांत उतरतो. ही खूण लक्षात ठेवा. आपण विष घातलेलं नसताना घरात रंगीत लेंड्या दिसल्या तर उंदीर शेजारी जेवतात आणि आपल्याकडे झोपतात असं समजा. आमच्या परसामागे शंभरेक फुटांवर धान्याचं एक गोदाम आहे. श्रावणापासून तिथे पोत्यांच्या मागे निळ्या वड्या टाकल्या जात होत्या. एवढं अंतर उंदीर रात्रीत कितीदा तरी कापतो, आणि आमच्या माळ्यावर पेंढा भरलेला होता. राहायला त्याहून बरी जागा कुठली!

मनी वाचली. इंजेक्शन आणि मग चार आठवडे 'के-वन' जीवनसत्त्वाच्या गोळ्या. मध्येच बरी दिसली तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं, कारण हे विष अंगात आठवडे राहतं. विषारी उंदीर खाऊन गव्हाणी घुबडं मरतात, मुंगसं मरतात, म्हणजे फुकटात उंदीर कमी करणारेच मरतात. मांजर किंवा कुत्रं सुस्त झालं, हिरड्या फिक्या पडल्या, तर त्याच दिवशी दाखवा, आणि मिळालं तर विषाचं वेष्टन सोबत न्या.

झिंक फॉस्फाइडची गोष्ट वेगळी. शेतावर पिठात कालवून घालतात ती काळपट पूड. तिने उंदीर काही तासांत मरतो, कारण पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो. त्याला उतारा नाही. अशा संशयाचा मेलेला प्राणी फोडून बघू नका, पाण्यात टाकू नका, कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका.

एकाच वेळी खूप उंदीर मेले तर

आमची आजी "उंदीर पडले" हे दोन शब्द फार हळू आवाजात म्हणायची. त्यामागे खरी आठवण आहे. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आला तेव्हा आधी गोदामांतले उंदीर मरू लागले होते. गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी त्या सप्टेंबरात रोग ओळखला. पुढच्या वर्षी तो पुण्यात पोचला, आणि प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. गावोगाव लोक उंदीर पडताच घर सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचे. ती अंधश्रद्धा नव्हती, अनुभव होता : उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा थंड होणारं शरीर सोडून दुसरं ऊबदार अंग शोधतात. पिसवांमुळे प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमोन यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं.

आज एखाद-दुसरा उंदीर मेला म्हणून प्लेगची भीती बाळगू नका. मात्र आसपास कोणीही विष घातलेलं नसताना दोन-चार दिवसांत बरेच उंदीर मेले, आणि त्याच सुमारास कोणाला जोराचा ताप येऊन जांघेत किंवा काखेत गाठ आली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच कळवा. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावाने आणि नंतर सुरतेने हा प्रसंग पाहिला आहे. आता औषधं आहेत, वेळेवर गेलं की माणूस बरा होतो.

आपल्याकडे रोजचा धोका लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा. तो उंदराच्या मुतातून येतो आणि पावसाळ्यात ओल्या जमिनीत टिकतो. पायाला भेग किंवा जखम असेल तर अनवाणी साफसफाई करू नका. ताप आला तर डॉक्टरांना "घरात उंदीर मेले होते, मी साफ केले" हे आवर्जून सांगा. त्या एका वाक्याने निदान लवकर होतं.

बाकीचं थोडक्यात. दाराच्या फटीत चिरडलेली पाल, पंख्याला आपटलेली चिमणी यांत शोधण्यासारखं काही नसतं. कावळे किंवा कोंबड्या एकदम मरू लागल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला तो कोंबड्यांतच. दोडामार्ग, सत्तरी भागात मेलेलं माकड दिसलं तर जवळही जाऊ नका. माकडतापाच्या गोचिडी त्याच्या अंगावरून उतरतात. आणि घरात मेलेला साप सापडला तर हाताने उचलू नका. नुकत्याच मेलेल्या सापाचं, अगदी तुटलेल्या डोक्याचंही तोंड चावू शकतं. रत्नागिरीकडे फुरसं इतकं लहान असतं की मुलं सहज हातात घेतात.

वास येतो, प्राणी दिसत नाही

हे सगळ्यात छळणारं. आमच्या अकरा नोंदींतली सातवी अशाच एका उंदराची, तो तीन दिवस लपला होता. उदबत्ती, धूप, डांबरगोळ्या यांनी काही होत नाही, उलट नाकाला दिशा कळेनाशी होते. रात्री खोलीची दारं-खिडक्या बंद करा, पंखा लावू नका. पहाटे एकट्याने आत जाऊन भिंतीच्या कडेने गुडघ्याच्या, छातीच्या आणि डोक्याच्या उंचीवर हुंगत फिरा. वास नाकाला सवयीचा होण्याआधी पहिल्या दोन मिनिटांतच खरी जागा कळते. मुंग्यांची रांग कुठे जाते पाहा. निळ्या-हिरव्या चमकदार माश्या अचानक एकाच खिडकीवर जमल्या तर मेलेला प्राणी त्याच खोलीच्या वर किंवा भिंतीत आहे. अळ्या झाल्या असतील तर उन्हाळ्या-पावसाळ्यात एक-दोन दिवस उलटलेले आहेत. मोबाइल काठीला बांधून, दिवा लावून, चित्रण सुरू ठेवून फटीत घातला की हात न घालता दिसतं. आम्हाला तो वाशाच्या मागे असाच सापडला.

हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकावर एक हाताला चढवा. नाकाला फडकं बांधा. कोरड्या झाडूने लेंड्या झाडू नका, धूळ छातीत जाते. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी करून आधी प्राण्यावर आणि जागेवर शिंपडा, दहा मिनिटं थांबा, मग उचला. ब्लीच संडासाच्या ऍसिडमध्ये मिसळू नका, घातक वायू निघतो. पुरायचा तर विहिरीपासून लांब, दोन फूट खोल. वहाळात टाकू नका, खालच्या वाडीतली माणसं तेच पाणी वापरतात.

आम्ही काय बदललं

गोदामवाल्यांकडे मी भांडायला गेले नाही. कालनिर्णयची पानं आणि मनीच्या औषधांचे कागद घेऊन गेले. त्यांनी ते बघितले आणि ऐकलं. आता उघड्या वड्या नाहीत. विष कुलपाच्या पेट्यांत असतं, सांडलेलं धान्य रोज झाडलं जातं, आणि बाकी काम लाकडी चापांवर चालतं. चापात मेलेला उंदीर सकाळी जागेवरच मिळतो, शोधत फिरावं लागत नाही.

आमच्या बाजूने माळ्यावरचा पेंढा खाली काढून खळ्याच्या कडेला उडवी रचली. फणसाची फांदी कौलांवर टेकली होती, ती चार हात मागे छाटली. माडाच्या बुंध्याला गुळगुळीत पत्रा गुंडाळला. वळचणीतल्या फटी बारीक जाळी आणि सिमेंटने बुजवल्या. अर्धा इंच फट मोठ्या उंदराला पुरते आणि पेन्सिल जाईल एवढी लहानाला, हे मापाचं लक्षात ठेवा. नुसता कापूस किंवा चिंध्या कोंबून उपयोग नाही, त्यांचे दात सतत वाढत असतात आणि ते कुरतडतातच. फटी बुजवायच्या त्या आत उंदीर उरले नाहीत याची खात्री झाल्यावर, नाहीतर ते भिंतीतच मरतात. आम्ही आधी तीन रात्री फटींसमोर पीठ भुरभुरलं. पावलं उमटली नाहीत तेव्हा सिमेंट घातलं.

एक सूचना : विष बंद झाल्यावरही दोन आठवडे मेलेले उंदीर सापडू शकतात, आधी खाल्लेले असतात. आमचा शेवटचा असाच बाराव्या दिवशी सापडला आणि घरात पुन्हा कुजबुज सुरू झाली.

त्या कुजबुजीबद्दलही लिहिते. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अमुक माणूस करणी करतो असं सांगून त्याला त्रास देणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. कौल लावणं, देवाला गाऱ्हाणं घालणं ही आमच्या घराचीही रीत आहे, मी त्यात पडत नाही. पण त्या गाऱ्हाण्यात शेजारणीचं नाव आलं तर मी उठून बोलणार, हे मी जेवणाच्या पानावरच सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी आई कालनिर्णय घेऊन काकूंकडे गेली आणि सगळ्या नोंदी त्यांना वाचून दाखवल्या. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. परतताना त्या दोघी बरोबर आल्या, एवढं पाहिलं.

या पावसाळ्यात आतापर्यंत तीन नोंदी आहेत. तिन्ही चिचुंद्र्या, तिन्ही मागच्या पायरीवर, तिन्ही पहाटे. तिसरी काकूंनी लिहिली आहे.